मागावरचा उंदीर

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं आहे. म्हणून हळूच सांगते. तुम्हीही दादांपुढे विषय काढू नका. दादा म्हणजे माझे वडील.

आमच्या पुढच्या खोलीत माग राहतो आणि उरलेल्या जागेत आम्ही. धाकट्या आत्याच्या लग्नाला आठ दिवस उरले होते. तिचं लुगडं दादा स्वतः विणणार होते. त्यांचा तसा शब्दच होता. सूत रंगवून तयार होतं.

अशात आमच्या चित्रकलेच्या सरांनी पुण्याच्या एका बाईंना माग बघायला पाठवलं. या बाई चित्रं रंगवत नाहीत. दोरे, गाठी, चिंध्या भिंतीला टांगतात, आणि तेच चित्र. दादा बाजारात, आई पाण्याच्या रांगेत. घरात मी एकटी. आणि मी कशी, तर हजेरीला ‘हजर’ म्हणते तेही शेजारच्या बाकापर्यंतच पोचतं.

मागावर तेव्हा फक्त शेपूट होतं. शेपूट म्हणजे काय, सांगते. विणलेलं लुगडं कापून काढलं तरी हातभर उभे धागे फणीत, म्हणजे मागाच्या बारीक दातांच्या चौकटीत, तसेच ठेवायचे. नव्या सुताचं एकेक टोक त्या जुन्या टोकाला जोडायचं आणि ओढायचं. मग नवा दोरा आपोआप फणीतल्या आपल्या घरातून पुढे येतो. दादांनी माग मांडला तेव्हापासून हे असंच चाललंय.

एवढं मी कसंबसं सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले.

“म्हणजे जुनं वस्त्र नव्याचा हात धरून ठेवतं. माणसांचंही असंच असतं, नाही गं?”

मी मान हलवली.

“हे मला मिळेल?”

मला म्हणायचं होतं, नाही. तोंडातून निघालं, “न्या ना.” वर कात्री मीच शोधून दिली. फणीतून दोरे ओढून काढले, कागदात गुंडाळले, पिशवीतही मीच ठेवले.

आई आली ती हंडा कडेवर घेऊनच उभी राहिली.

“शेपूट कुठंय?”

“सरांनी पाठवलेल्या बाईंना आवडलं.”

“उद्या तिला चूल आवडली तर ती बी देशील व्हय?”

मी रडायला लागले. आईने हंडा खाली ठेवला. “गप. ह्यांना सांगायचं न्हाई. उंदरानं खाल्लं म्हणू.”

दादा आले. कापड गुंडाळायच्या पुढच्या दांडीवर बोटभर टोकं उरली होती, सगळी एका रेषेत कापलेली. त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

“उंदरानं?”

“लई माजल्यात,” आई म्हणाली.

“अन् फणीतली सुतं बी ओढून नेली?”

“त्यांचं काय सांगावं.”

दादांनी रिकामी फणी उजेडात धरून पाहिली. आता दोन हजारांवर दोरे नव्याने ओवायचे होते. मागच्या बाजूला बसून एकाने एकेक दोरा द्यायचा, पुढच्याने तो ओढून घ्यायचा. शाळा बुडवून मी दोन दिवस मागे बसले. दर दोऱ्याला दादांचं बोट माझ्या बोटाला लागायचं. तुझी आत्या लहानपणी इथंच बसायची, ते सांगत होते, सुतं देता देता झोपायची, मग मी दोरा हलवून तिला उठवायचो. वर्षभरात आम्ही जेवढं बोललो नसू, तेवढं त्या दोन दिवसांत बोललो. बाई म्हणाल्या ते मला तिथे, पाठ मोडल्यावर, समजलं.

लुगडं हळदीच्या दिवशी सकाळी मागावरून उतरलं. आत्या ते नेसली आणि दादांच्या गळ्यात पडून रडली. शेपूट दादांनी आठवणीने ठेवलं.

तर अशी ही गोष्ट. दादा भोळे आहेत. त्यांना अजून कसलाच संशय आलेला नाही, आणि मी तोंड मिटून राहिले तर कधी येणारही—

“ए उंदरा, कुठं बसलास? ये, टोकं जोडायची हायेत. अन् येताना कात्री आणू नको.”