कृपाणीच्या पानांवरची हळद

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, यंदाच्या फाल्गुनात डोंगरकडा गावात माझ्या माहेरच्या गच्चीवर एका अख्ख्या राज्याचे भवितव्य पणाला लागले होते. आणि त्या राज्याची सेनापती कृपाणी माझ्याच आवाजात गर्जत असल्यामुळे माझा घसा पार बसला होता.

कृपाणी ही एका जाडजूड अद्भुत कादंबरीची नायिका. माझी भाची सानिका बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि या कादंबरीतल्या व्यक्तिरेखा व कथानक असा तिच्या प्रकल्पाचा विषय. मोठ्याने वाचलेलं तिला चांगलं उमगतं, आणि मला तर मोठ्याने वाचायला श्रोताही लागत नाही. तेव्हा दुपार कलली की पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी स्वयंपाकघरातला झारा उपसून उभी राहायची, सानिका टिपणं काढायची, आणि समोर ताडपत्रीवर शिजवलेली हळद वाळत पडलेली असायची. तिचा तो ओलसर, मातकट, जरासा कडवट गंध उन्हाबरोबर वर चढायचा आणि कृपाणीचं रणांगणसुद्धा हळूहळू पिवळं होऊन जायचं.

त्या पिवळ्या रणांगणात वहिनी पाठमोरी बसून हळद खालीवर करायची, मधूनच एखादं हळकुंड मोडून आतला रंग पाहायची.

“वन्सं, त्या बयेला दुसरं काम न्हाई का? उठली की तलवार,” ती मान न वळवता म्हणायची.

“आई, तुला ऐकायचं नसेल तर खाली जा ना.”

“खाली जाते, मंग हळद कोण हालवंल? तुझी कृपाणी?”

खरं युद्ध वेगळंच होतं. सानिकाला एम.ए.साठी संभाजीनगरला जायचं होतं, वसतिगृहात राहून. माझ्या भावाने निर्णय बायकोवर सोपवला होता, आणि संक्रांतीपासून हा विषय निघाला की वहिनीला नेमकं दूध उतू जाताना दिसायचं. फार झालं तर, “काहून? हिंगोलीत कालेज न्हाई का?” एवढंच. होकार नाही, नकारही नाही. लेक रोज तिच्या तोंडाकडे पाहायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायची.

एका दुपारी वहिनी खाली गेलेली असताना वाऱ्याने कादंबरीची पानं फडफडत उलटली. आम्ही जेमतेम निम्म्यावर पोचलो होतो. पण आमच्या खुणेच्या पुढे पानापानाच्या कोपऱ्यावर पिवळे अंगठे उमटलेले होते. काही फिकट, काही घाईत घासटलेले, आणि थेट शेवटच्या पानावर एक गडद, बराच वेळ तिथेच टेकलेला. हळदीला हात लावणारं घरात एकच माणूस होतं. मी ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि सानिकाला काही बोलले नाही. रंगमंचावर कधी यायचं ते पात्राचं त्याला ठरवू द्यावं, असं मला वाटतं.

कादंबरीच्या मध्यावर एक प्रसंग आहे. युद्धाला निघालेली कृपाणी पहाटे आईच्या दाराशी थांबते, हाक मारते, आणि दार उघडत नाही. आत काय घडलं ते लेखकाने शेवटच्या पानापर्यंत राखून ठेवलं आहे. परवा ऊन उतरल्यावर आम्ही तिघी ताडपत्रीची टोकं धरून हळद झाकत होतो, तेव्हा सानिकाने आपला निष्कर्ष ऐकवला: कृपाणीची आई ही या कादंबरीतली सर्वांत निष्ठुर व्यक्तिरेखा आहे.

वहिनीच्या हातातलं टोक सुटलं. पश्चिमेचा उजेड हळदीवरून तिच्या चेहऱ्यावर आला होता. इतकी वर्षं या बाईला मी ओळखते असं समजून होते, आणि त्या क्षणी तिच्याविषयी आपण किती कमी पानं वाचली आहेत, हे मनात येऊन मला का कोण जाणे फार बरं वाटलं. वाऱ्याने फुगलेल्या ताडपत्रीकडे पाठ करून ती लेकीवर जवळजवळ खेकसलीच:

“निष्ठुर कशाची? कडीला हात लावून आतच उभी व्हती ती! उघडलं असतं, तर लेकीला जाऊ दिलं असतं का तिनं? मी न्हाई बाई तसली कडी लावून बसणार. तू जाशीन त्या दिवशी फाटकापर्यंत येईन.”