गोल बांध आणि सुहासची वही

सुहासच्या बायकोचा, मुग्धाचा फोन आला तेव्हा मी मँचेस्टरला ट्रॅममध्ये होतो. “सुहास गेला रे,” एवढंच ती म्हणाली. बेलफास्टच्या घरी, सकाळचा चहा घेता घेता हार्ट अटॅक... मी पुढच्या स्टॉपला उतरलो आणि नुसताच बसून राहिलो. दुःख झालंच, पण खरं सांगतो, त्याच्या आधी क्षणभर हायसं वाटलं. माझी एक गोष्ट फक्त सुहासला ठाऊक होती. त्या क्षणाची लाज घेऊन गेले पाच आठवडे वावरतो आहे.

आम्ही पुण्याच्या एकाच कॉलेजातले सिव्हिल इंजिनिअर, पुढे इथेही एकाच कंपनीत. तो नॉर्दर्न आयर्लंडमध्ये शेतं तुडवत मोजणी करायचा, मी मँचेस्टरला हीटरशेजारी बसून त्याच्या मापांवरून नकाशे काढायचो. चिखल माझा आणि कॉफी तुझी, असं तो चिडवायचा. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडच्या टायरोन जिल्ह्यात रस्ता रुंद करायचं काम निघालं. तिकडच्या शेतांत मातीचे गोल बांध दिसतात. हजारएक वर्षांपूर्वी लोक त्यांच्या आत घर करून, गुरं राखून राहत. गावकरी त्याला नुसतं ‘फोर्ट’ म्हणतात आणि काही वाईट घडेल या भीतीनं हात लावत नाहीत. वरच्या काटेरी झाडाची फांदीसुद्धा कोणी तोडत नाही. आमच्या रस्त्याच्या वाटेतल्या शेतातला बांध जेमतेम गुडघाभर उरला होता. मला स्क्रीनवर सपाट शेतात उगाच वर आलेलं ठिपक्यांचं कडं दिसलं. यंत्राची गडबड असेल म्हणून मी ते पुसून टाकलं. सुहासला विचारलंही नाही. नकाशावर रस्ता सरळ गेला.

माती खणणारा डिगर शेतात पोचला त्या सकाळी चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं ती झाडं पाहिली, इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. दुपारपर्यंत दुसरा माणूस आणतो, असा कंत्राटदारानं दम भरला. सुहास बांधावर जाऊन उभा राहिला आणि तिथूनच त्यानं मला फोन लावला.

“ते पॉइंट्स तू डिलीट केलेस?”

“मला एरर वाटली रे...”

माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन तेव्हा अडकलेलं. नोकरी गेली असती तर बायको-मुलीसकट परतावं लागलं असतं. सुहासचं कायमचं राहणं पक्कं झालं होतं.

“बॉसला मी सांगतो, सर्व्हेतच राहून गेलं म्हणून. तू गप्प बस.”

मी गप्प बसलो. बांध वाचला, रस्त्यानं वळण घेतलं, सुहासची नोकरी गेली. पुढे त्याला मिळाली ती एका लहानशा ऑफिसात, खुर्चीवरची. मुग्धा चारचौघांत त्याची चेष्टा करायची, की हा मोजायला गेला आणि आख्खा किल्ला विसरून आला. सुहास हसायचा. मीही हसायचो...

गेल्या आठवड्यात बेलफास्टला गेलो. मुग्धा त्याचं कपाट आवरत होती. एक मळकी वही तिनं माझ्या हातात दिली. सुहास नुसत्या यंत्रावर कधी विसंबायचा नाही. प्रत्येक शेताचं पेन्सिलनं चित्र काढून ठेवायचा. चाळता चाळता ते शेत आलं. कडेनं मापं, आणि मधोमध एक मोठा गोल.

“हा गोल कसला रे?” तिनं विचारलं.

जुनी विहीर असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“फोर्ट आहे. त्यानं बरोबर मोजला होता, मुग्धा. नकाशातून मी पुसला. त्यानं ते स्वतःवर घेतलं.”

तिनं वही माझ्या हातातून काढून घेतली.

“इतकी वर्षं मी त्याला हसत आले,” ती म्हणाली, “आणि तू समोर बसलेला असायचास.”