अस्वलिणीला दिलेली सुकेळी

गिरीजच्या मटिल्डाबायच्या दारातून कुणी उपाशी गेलं, असं कधी झालं नाही. आचोळ्याहून नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसानं नळाच्या आधी बोंबलाचं कालवण संपवलं होतं, आणि विजेचा मीटर बघायला येणारा गृहस्थ बरोब्बर जेवणाच्या वेळीच उगवायचा. "पोट भरलंय" हे वाक्य तिला ऐकूच येत नसे. उन्हाळ्यात ती राजेळी केळी सोलून मांडवावर वाळवायची आणि मधाच्या रंगाची सुकेळी करायची. एव्हरशाईन सिटीतून गिऱ्हाइकं गाड्या घेऊन यायची आणि विकत नेण्यापेक्षा जास्त फुकट खाऊन जायची. वाढण्याचा तिला अभिमान होता. अभिमान कसला, गर्वच म्हणा. पुढे कमरेत बाक आला, पण तो गर्व काही वाकला नाही.

खाण्यावरून ती एकदाच खोटं बोलली होती. लेक नॅन्सी लहान असताना तिनं एका बदकाला लळा लावला होता. नाताळच्या आदल्या दिवशी ते बदक कापलं. नॅन्सी शोधत आली तेव्हा मटिल्डा म्हणाली, "त्याला मावशीच्या वाडीत नेऊन सोडलं गो. मोठी वाडी हाय, तळं हाय. मजेत राहील."

"बरं झालं," नॅन्सी म्हणाली. दुसऱ्या दिवशी घरभर रश्श्याचा वास सुटला, पण पोरीनं ताटाला हात लावला नाही. सणाच्या धावपळीत पोरांची भूक मरते, असं म्हणून मटिल्डानं तो विषय मिटवला होता.

तीच नॅन्सी आता कॅनडात नर्स आहे. वडील गेल्यावर तिनं आईला हवापालटासाठी बोलावून घेतलं आणि एक दिवस डोंगरात ग्रिझली अस्वलं दाखवायला नेलं. छोटी बस, दहा-बारा माणसं, आणि दोन वेण्या घातलेली एक गोड गाईड मुलगी, गाडी चालवणारीही तीच. तिनं निघण्याआधी नियम सांगितले. गाडीतून उतरायचं नाही, खिडकी उघडायची नाही आणि खायचं जे काही असेल ते या लोखंडी पेटीत टाकायचं. नॅन्सीनं आईला ते मराठीत सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं. आईला ती ओळखून होती.

मटिल्डानं मुकाट्यानं डबा काढून दिला. पर्समधली सुकेळी मात्र दिली नाहीत. केळीच्या वाळक्या पानात बांधलेली ती पुडी तिनं गाईडसाठी आणली होती. पोरगी दिवसभर आपल्याला हिंडवणार, तिच्या हातावर काही ठेवायला नको? आणि पेटीत टाकून दिली तर ती भेट कसली?

दुपारी अस्वलीण दिसली. रस्त्याच्या कडेला, अगदी दगड टाकावा इतक्या अंतरावर, गवत खात होती. मागे एक पिल्लू. बसमध्ये सगळे खिडक्यांशी सरकले. मटिल्डाही सरकली, पण तिला दिसलं ते निराळंच. केस झडलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पोट पार खपाटीला गेलेलं. आणि पदरात पोर!

"हिवाळाभर झोपून आत्ताच उठलीय," नॅन्सीनं गाईडचं बोलणं सांगितलं. "महिन्याभरात भरेल अंग. गवत, मुळं खाते."

गवत! लेकुरवाळी बाई आणि गवत खाते! मटिल्डाला राहवेना. सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्यात होते. तिनं खिडकीची छोटी काच सरकवली आणि पुडी बाहेर फेकली.

अस्वलिणीनं ती पानासकट खाल्ली. जमीन चाटली. मग नाक वर करून थेट बसकडे बघितलं आणि चालत आली. गाईडनं जोरजोरात हॉर्न वाजवला, गाडी दामटली. मटिल्डानं मागे वळून बघितलं, तर ती अस्वलीण गाडीमागे धावत होती आणि तिच्या मागे पिल्लू.

पुढे गाडी थांबवून गाईडनं वायरलेसवर कुणालातरी कळवलं. ती ओरडली नाही. डोळे पुसत होती. चार शिव्या घातल्या असत्या तर मटिल्डाला सोसलं असतं.

"तिला आता कळलं, गाडीत खायला असतं," नॅन्सी आईकडे न बघता म्हणाली. "आता ती रस्त्यावर येणार, माणसांच्या अंगावर जाणार. अशा अस्वलांना शेवटी मारून टाकावं लागतं, मम्मी."

"अगो, मी दोन सुकेळीच तर..." मटिल्डा बोलून गेली, आणि तिची तिलाच लाज वाटली. मग तिची लेक, पन्नाशीला टेकलेली बाई, बसमधल्या प्रत्येकापाशी जाऊन आईच्या वतीनं माफी मागत होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मटिल्डाला झालं.

गिरीजला परतल्यावर चर्चमधला मिस्सा सुटला की बाया तिला गराडा घालायच्या. "काय गो मटिल्डाबाय, अस्वल कसं होतं?" ती म्हणायची, "लांब होतं. नीट दिसलं नाय." कुमसाराला गेली, पाप सांगितलं. फादर हसून म्हणाले, "भुकेल्याला घास देणं पाप नव्हे, बाई." पण नियम दोनदा ऐकून मोडला, हे तिनं फादरना सांगितलंच नव्हतं. अर्धं पाप सांगून मिळालेली क्षमा घेऊन ती घरी आली, आणि आता तर तिला देवाचीही लाज वाटायला लागली.

दर रविवारी, त्या गाईडकडून खबर काढून, नॅन्सीचा फोन यायचा आणि मटिल्डा विचारायची, "ती आली होती काय रस्त्यावर?" कधी उत्तर असायचं, नाही. कधी असायचं, आली होती, फटाके वाजवून हाकलली. एकदा तर म्हणे एका गाडीच्या दाराला लोंबकळली, आत पोरं होती. पुढच्या उन्हाळ्यात मटिल्डानं राजेळी केळी आणलीच नाहीत. मांडव रिकामा राहिला. कंबर दुखते, असं तिनं गिऱ्हाइकांना सांगितलं.

एका रविवारी शेजारची जाऊबाई, ग्रेसी, जेवणाचं ताट घेऊन आली होती. तेवढ्यात नॅन्सीचा व्हिडिओ कॉल आला. मटिल्डानं नेहमीचा प्रश्न विचारला. 

"तिला लांब नेऊन सोडलं, मम्मी," नॅन्सी म्हणाली. "मोठं रान आहे. तळं आहे. मजेत राहील."

पडद्यावर नॅन्सीनं मान खाली घातली होती. त्या नाताळात पोरीला सगळं कळलं होतं, हे मटिल्डाला आज कळलं.

"आणि पोर?"

"ते पण. तिच्यासोबतच."

"बरं झालं," मटिल्डा म्हणाली.

फोन बंद झाल्यावर ग्रेसीनं ताट तिच्या पुढ्यात सरकवलं. "जेव ना गो, निवतंय."

"पोट भरलंय," मटिल्डा म्हणाली, आणि तिनं ताटाला हात लावला नाही.