मेलेल्याची दाढी

लंडनच्या एका डिटेक्टिव्हची अख्खी केस मी अमेरिकेत, अल्फारेटात सुनेच्या किचनमध्ये बसून मोडली. केस काय होती ते मात्र तिनेच वाचून दाखवलं, कारण मी चौथीपर्यंतही शाळेत टिकलो नाही.

सून आयटीत आहे. सुट्टीच्या दिवशी इंग्रजीत कादंबरी लिहिते, इंग्लंडच्या जुन्या राणीच्या काळातली. तेव्हा तिकडे म्हणे घरात कोणी मेलं की त्याला कोट घालून खुर्चीत बसवायचे आणि सगळे बाजूला उभे राहून फोटो काढायचे. तिच्या गोष्टीत असाच एक म्हातारा. नोकर म्हणतो, मालक संध्याकाळी गेले, मग मी त्यांची दाढी केली. पण सकाळच्या फोटोत गालावर खुंट दिसतात. डिटेक्टिव्ह म्हणतो, दाढी वाढली म्हणजे म्हातारा रात्रभर जिवंत होता, नोकर खोटारडा, यानेच मारला. आणि नोकर फासावर.

मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला, तो माझ्याच पायावर.

"अगं, मेलेल्याची दाढी वाढत नाही. आणि खुंट दिसतातच."

"बाबा, काहीही काय?"

मग सांगितलं. चाळीस वर्षं न्हावी होतो मी. गावचे पाटील गेले, मुलगा बाहेरगावी, म्हणून त्यांना सकाळपर्यंत ठेवलं होतं. मी सांजच्याला घोटून दाढी केली. सकाळी मुलाने बापाच्या गालावरून हात फिरवला आणि भर अंगणात मला म्हणाला, "शेवटच्या दाढीतसुद्धा कामचुकारपणा?" माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी एवढा गाढव, की मलाही वाटलं वस्तराच बोथट. हात जोडले, माफी मागितली, परत दाढी केली. पुढे कैक वर्षांनी सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर दाढीला बसला होता. तो म्हणाला, "मेल्यावर कातडी सुकते, आत ओढली जाते. खुंट आपोआप वर दिसतात."

म्हणजे मी माफी मागितली ती फुकट. आणि हा डिटेक्टिव्ह एवढा शिकलेला, भिंग घेऊन फिरतो, आणि गरिबाला लटकवतो. एका न्हाव्याला विचारायला काय झालं होतं याला? शिकलेल्यांचं हे असंच. चुकतात ते, आणि मान आमची.

सून लॅपटॉपकडे बघत बसली. "बाबा, तीन वर्षं लिहितेय मी हे. सोमवारी प्रकाशकाला पाठवायचंय. सगळं त्या दाढीवरच उभं आहे."

"मग पाडून टाक."

माझं काय जातंय पाडायला. दोन दिवस ती जेवायलाही लॅपटॉपसमोरच. मुलगा माझ्याशी बोलेना. रविवारी दुपारी तिने वाचून दाखवलं. नोकर सुटला. डिटेक्टिव्ह त्याच्या खोलीवर जाऊन, टोपी काढून, सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो. मी नाक शिंकरलं आणि एसीला नावं ठेवली.

मग जरा चढलं मला. म्हटलं, "त्या डिटेक्टिव्हला अक्कल शिकवणारा एक न्हावी टाक की आत. माझ्यासारखा."

ती टाइप करतच म्हणाली, "नको बाबा. तुम्हाला घेतलं तर पुस्तकात दुसऱ्या कोणाला बोलताच येणार नाही."