भुरीशेजारी विमलकाकी

विमलकाकी कुणालाही वाक्य पुरं करू देत नसत. बडोद्यात आम्ही भिंतीला भिंत लागून राहायचो. मी दारातून "काकी, जरा वाटीभर..." म्हणायचा अवकाश, साखर हातात. "बेस ना, मला ठाऊक आहे तू काय म्हणणार," हे त्यांचं गुजराती मिसळलेलं पालुपद. बऱ्याचदा मला डाळ हवी असायची, पण मी मुकाट्याने साखर घेऊन यायची.

काका अबोल. मकरपुऱ्याहून कंपनीच्या बसने परतले की आधी ओट्यावर टेकायचे आणि गल्लीतल्या भुरी कुत्रीला दिवसभराची हकिगत सांगायचे, तीही गुजरातीत. "गल्लीतली आहे, तिला मराठी कुठून कळणार?" म्हणायचे. काकी आतून फणकारायच्या, "मला नाही कधी सांगत एवढं."

घरोघरी केबल आली त्या सुमारास काकांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, "अडा, अडा" एवढाच आवाज उरला. कळत मात्र सगळं होतं. त्यांनी तोंड उघडलं की काकी एका दमात विचारत, "पाणी? चादर? पंखा? पंखाच ना?" आणि पंखा लावून मोकळ्या होत. हळूहळू काकांनी तो आवाजही सोडला. भिंतीकडे तोंड करून पडायचे. "माझ्याशी बोलायचंच नाही गं त्यांना," म्हणत काकी माझ्यासमोर रडल्या.

थंडीतली दुपार होती. कोवळ्या उन्हात सगळी गल्ली गुंगीत होती. काकांना ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं. भुरी येऊन समोर बसली. "अडा," काका म्हणाले. तिने एक कान उचलला. आवाज चढला तशी मान तिरकी केली, उतरला तशी शेपूट हळूच आपटली. ते गुजराती नव्हतं, मराठीही नव्हतं. काका थांबले की तीही नजर न हलवता थांबायची. काका कितीतरी वेळ बोलत राहिले. काकी औषधाची बाटली घेऊन दारात उभ्या होत्या.

"ही मधे बोलत नाही," एवढंच म्हणून त्या भुरीशेजारी पायरीवर बसल्या. शब्द ओठांवर येत होते, म्हणून पदर दातांत धरला. मधून मधून नुसतं "हं" म्हणाल्या. ऊन कलून समोरच्या भिंतीवर गेलं तरी तिघं तशीच बसून होती. मला ते स्वप्नात पाहिल्यासारखं आठवतं.

पुढे रोजच दुपारी त्या तिथे बसू लागल्या. दोन वर्षांनी काका गेले. शब्द काही परतले नाहीत. भेटायला आलेल्या एक नातेवाईक बाई हळहळल्या, "बिचारे, जाताना तुमच्याशी एक शब्दही बोलू शकले नाहीत."

काकींनी त्या बाईंना शेवटपर्यंत बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तीस वर्षांत बोलले नव्हते तेवढं या दोन वर्षांत बोलले. मीच ऐकायला उशिरा बसले."