फोड उठलाच नाही

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं सगळंच माझ्या आधी व्हायचं. बाड्यावरच्या बाजारातून नवी लुगडी आली की घडी त्यांनी मोडायची, लोणच्याची बरणी त्यांनी उघडायची, न्हाणीतलं कढत पाणीही पहिलं त्यांना. बरं, त्या माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. तेच मला जास्त झोंबायचं. भांडखोर बाईचा हेवा वाटला तर चार शब्द सुनावून मोकळं होता येतं. गोड बाईचा नुसता गिळावा लागतो.

त्या वर्षी होळी झाली आणि शहराच्या आमच्या लष्कर भागात देवीची साथ येणार अशी बोलवा उठली. मामंजी दरबारच्या दफ्तरात होते. त्यांनी शब्द टाकला आणि देवी टोचणारा सरकारी टीकेवाला आमच्या दारात हजर झाला, सोबत एक वासरू घेऊन. वासराच्या पोटावरून ताजी लस काढायची आणि तिथल्या तिथे मुलांच्या दंडावर टोचायची, ही त्याची रीत. सासूबाई उंबऱ्यातच आडव्या आल्या.

"गाईच्या लेकराला चाकू, तोही माझ्या अंगणात? बिलकुल नाही! नळीतली असेल तर द्या."

त्याच्या पिशवीत काचेची एक बारीक नळी होती, उन्हातून हिंडून आलेली. "नली पुरानी है, बाईसाहेब, ताज़ी अच्छी रहती है," तो बिचारा म्हणाला. पण सासूबाईंपुढे मामंजींचंही चालत नसे, तिथे याची काय कथा.

जाऊबाईंचा चार वर्षांचा मुलगा पहिला. मग सासूबाईंच्या भाच्याची दोन मुलं, मुद्दाम बोलावून आणलेली. माझी तीन वर्षांची मुलगी शेवटी उभी होती, तिच्या झग्याची बाही मी केव्हाची वर करून ठेवली होती. तिच्यापाशी येईतो नळी संपली.

"मुलीचं काय, पुढच्या खेपेला बघू," सासूबाई म्हणाल्या.

"नाराज नको होऊस हं," जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्याकडे दळायला येणारी बाई थाटीपुराकडच्या विणकरांच्या वस्तीतली होती. तिनं हे सगळं जात्यावरून पाहिलं होतं. जाताना हळूच म्हणाली, "कल हमारी तरफ आ रहा है, बाईजी. ले चलो बिटिया को."

दुसऱ्या दिवशी देवळाचं निमित्त करून मी टांग्यानं तिच्याबरोबर गेले. विणकरणींच्या मागे रांगेत उभी राहिले. कुणी मला पुढे बोलावलं नाही आणि मीही मागितलं नाही. एरवी या वस्तीला मोठ्या घरांतून उरलंसुरलं मिळायचं, तेही टीकेवाल्याला सवड झाली तर. या खेपेला ताजी लस त्यांच्या वाट्याला आली होती, आणि घरंदाजांनी हट्टानं शिळी घेतली होती. माझ्या मुलीला टोचलं तेव्हा ती रडली. मला मात्र हसू आवरेना.

घरी आल्यावर तिला लांब बाह्यांचं पोलकं घातलं. पाचव्या-सहाव्या दिवशी दंडावर टपोरा फोड उठला. जाऊबाईंच्या मुलाचा दंड मात्र कोराच राहिला.

आमच्याकडे समजूत अशी, की टोचलं म्हणजे देवी घरात आली. दाराला कडुलिंब बांधायचा आणि आठ दिवस परक्याची नजर मुलावर पडू द्यायची नाही. म्हणून आठव्या दिवशी टीकेवाला दंड बघायला आला, तर सासूबाईंनी त्याला उंबऱ्याबाहेरच नारळ आणि उपरणं देऊन वाटेला लावलं. "देवी किती शांत आली आमच्याकडे, फोडसुद्धा नाही उठला," असं त्या आल्यागेल्याला सांगत होत्या, आणि जाऊबाई पेढे वाटत होत्या.

मी मुलीला घेऊन पुन्हा वस्तीवर गेले. तिचा दंड बघून टीकेवाला खूश झाला. मग म्हणाला, "और घर का लड़का?"

"त्याला काहीच नाही उठलं."

"तो फिर लगा ही नहीं! दोबारा लगाना पड़ेगा. कह देना बाईसाहेब से, परसों तक यहीं हूँ."

मी सांगते म्हणून मान डोलावली.

घरी काही बोलले नाही. सांगितलं असतं तर माझी चोरी उघडी पडली असती, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घालत आले. ते खोटं आहे. माझ्या मुलीपाशी काहीतरी होतं आणि जाऊबाईंच्या मुलापाशी ते नव्हतं, हे मला एकटीला ठाऊक होतं. त्यांच्याकडे बघून मनात म्हणायचे, वाटा, पेढे वाटा. परवाचा दिवस आला आणि गेला. टीकेवाला पुढच्या गावी निघून गेला.

चैत्र संपता संपता जाऊबाईंचा मुलगा तापानं फणफणला आणि अंगभर देवी आल्या. तो वाचला, पण त्याचे दोन्ही डोळे गेले. त्याच घरात वावरणाऱ्या माझ्या मुलीला मात्र काही झालं नाही. सासूबाई म्हणाल्या, पूजेत काहीतरी चुकलं.

पुढे एकदा माझ्या मुलीला न्हाऊ घालताना जाऊबाईंना तिच्या दंडावरचा वण दिसला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मी रांगेत उभी राहिले होते, एवढं त्यांना सांगितलं.

"मला का नाही नेलंस गं?" इतकंच त्या म्हणाल्या.

टीकेवाल्याचा निरोप मी त्यांना तेव्हाही दिला नाही. आता त्या नाहीत. त्यांचा मुलगा दर दिवाळीला न चुकता माझ्याकडे येतो. वाकून दोन्ही हातांनी माझे पाय शोधतो, आणि मी ते पुढे करते.