भांडणात मध्ये पडणारी

घरात तिला सगळे ‘पंच’ म्हणत. हे नाव पडलं ते तिच्या पीएचडीच्या विषयामुळे. रस्त्यात, दुकानात, तिकीट खिडकीपाशी भांडण जुंपलं की बघ्यांपैकी मध्ये कोण पडतं, कसं पडतं आणि उगारलेला हात त्यानंतर खाली येतो की नाही, हे ती सीसीटीव्हीच्या चित्रणावरून तपासत होती. विद्यापीठाच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत, एकच धक्काबुक्की ती पुन्हा पुन्हा पुढे-मागे करून बघायची.

विद्यावेतन संपलं होतं आणि प्रबंध लिहायचा राहिला होता. हिंसेवर संशोधन करणाऱ्यांना शेवटच्या वर्षासाठी पैसे देणारी एक संस्था होती. तिची अट अशी की माहिती गोळा करणं आता थांबवायचं आणि वर्षभरात लिहून मोकळं व्हायचं. तिथून मुलाखतीचं बोलावणं आलं. इकडे दादानं ओळखीनं एका विमा कचेरीत तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. पैसे मिळाले नाहीत तर तिथे रुजू व्हायचं आणि प्रबंध गुंडाळायचा, असं घरात ठरलं होतं.

“मारामाऱ्या बघायचे पैसे देणारे हे आहेत तरी कोण?” दादा जेवताना म्हणाला. “माझ्या दुकानापुढे रोज फुकट चालतात.”

“तुम्ही गप्प बसा हो,” वहिनी म्हणाली. “पंच, तू निदान तिथे तरी खुर्चीत नीट बस. पायाला भिंगरी लागल्यासारखी उठू नकोस.”

वहिनी हे उगाच म्हणत नव्हती. बसथांब्यावर कुणी आवाज चढवला की पंच उठायचीच. हनुवटी वर गेली का, पाय फाकले का, हातातलं सामान खाली ठेवलं का, हे तिचे डोळे आपोआप टिपत. सामान खाली ठेवणं सगळ्यांत वाईट. तिच्या चित्रणांत हात मोकळा करणारा माणूस बहुतेक वेळा तो उगारायचाच. मग ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राही आणि एकाच्या दंडाला अलगद हात लावी. या नादात एकदा तिचा चष्मा फुटला होता.

मुलाखत घ्यायला तिघं होते. अध्यक्षबाई, जीवशास्त्राचे दाढीवाले प्राध्यापक आणि समाजशास्त्राचे टक्कलवाले. सुरुवात बरी झाली. मग दाढीवाल्यांनी विचारलं, “पण रक्त तपासल्याशिवाय आक्रमकता कळणार कशी?”

पंच तोंड उघडणार तोच टक्कलवाले बोलले, “सर, प्रत्येक भांडण उंदराच्या पिंजऱ्यात होत नाही.”

“आणि नुसत्या गप्पा मारून संशोधन होत नाही!”

“म्हणजे माझं काम गप्पा?”

“मी तुमचं नाव घेतलं का?”

“गेल्या वर्षी माझा विद्यार्थी तुम्ही असाच उडवलात!”

टक्कलवाल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दाढीवाल्यांनी हातातलं पेन ठेवलं आणि खुर्ची मागे सारली.

पंच उठली. टेबलाला वळसा घालून दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि दाढीवाल्यांच्या दंडाला हात लावून म्हणाली, “जाऊ द्या सर. सोडा आता.”

दाढीवाले त्या हाताकडे बघत राहिले. “अहो बाई,” ते म्हणाले, “मी पाणी घ्यायला उठत होतो.”

पाण्याचा जग खरोखरच त्यांच्या मागे होता. पंच जागेवर परतली. विमा कचेरी तिला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

अध्यक्षबाईंनी हसू आवरलं आणि विचारलं, “आमचे पैसे लिहिण्यासाठी असतात. तुम्हाला वर्षभर एका जागी बसवेल?”

“बसेन,” पंच म्हणाली. टेबलाखाली तिचा पाय हलत होता.

फोन आला तेव्हा ती दादाच्या दुकानात होती. अध्यक्षबाईच बोलत होत्या. पैसे मंजूर झाले होते, पण हप्त्यांनी. प्रबंधाचं एक प्रकरण हातात पडलं की पुढचा हप्ता. “दोघंही तुमच्याच बाजूनं बोलले,” बाई म्हणाल्या. “त्यावरूनही वाजलंच.”

“आता त्या विम्याच्या साहेबांना मी काय तोंड दाखवू?” दादा म्हणाला, आणि त्याच दमात त्यानं वहिनीला फोन लावला.

पहिल्या प्रकरणाला ती घरातल्या खिडकीपाशी बसली. दोन ओळी झाल्या, त्यांतली एक खोडली. तेवढ्यात खाली करकचून ब्रेक लागला. “डोळे फुटले का रे?” “तू शिकवणार मला?” कुणीतरी काहीतरी जड जमिनीवर ठेवलं. पंचची खुर्ची मागे सरकली.

“पंच!” स्वयंपाकघरातून आवाज आला. “बस खाली. तू लिही, मी बघते.” वहिनी हात पुसत बाहेर आली, पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरून गेली.

पंच खिडकीकडे पाठ करून बसली. खालचे आवाज चढत होते. मग त्यांत तिसरा मिसळला, वहिनीचा. तिनं दंडाला हात लावलाय की नाही, ते इथून कळायला मार्ग नव्हता. पंचनं खोडलेली ओळ पुन्हा लिहिली आणि पुन्हा खोडली.